एकपानी हबेअमरी: शुंडिका लांब निघाली म्हणजे नवी जात का?

सडाफुला
सह्याद्रीतल्या एका उंच सड्यावर, साधारण १२०० मीटरवर, गवतात मिळालेली हबेअमरी (हाबेनारिया प्रजातीचं, जमिनीत वाढणारं ऑर्किड). जुलैचा दुसरा आठवडा. जमिनीला चिकटलेलं एकच गोलसर हृदयाकृती पान, दांड्यावर १ ते ३ पांढरी फुलं. पहिला अंदाज हाबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. पण ताज्या फुलात शुंडिका (फुलामागची पोकळ शेपटी) किंजपुटाच्या (फुलाखालचा, बिया तयार होणारा भाग) सव्वापट भरते आणि वाळवलेल्या तीन नमुन्यांत दोन्ही जवळपास सारख्या. वेगळी जात म्हणायला एवढं पुरेल का? पुरत असेल तर वर्णन लिहायला सुरुवात कुठून करायची? एकूण ४०च्या आसपास फुललेली झाडं मोजली.

स्तंभदर्शी
पुरणार नाही. शुंडिका आणि किंजपुट यांचं गुणोत्तर सगळेच वापरतात आणि चुकाही तिथेच होतात. फलन झालं की किंजपुट लांबतो, फुगतो, शुंडिका तेवढीच राहते. म्हणजे एकाच झाडावर कालचं फूल आणि आठवड्यापूर्वीचं फूल वेगळी उत्तरं देतात. कळीत उलटा प्रकार, तिथे शुंडिकेची वाढ अजून पूर्ण झालेली नसते. त्यातून दाबताना दोन्ही अवयव आक्रसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. तुमच्या ताज्या आणि सुक्या मापांतला फरक एवढ्यानेच होऊ शकतो.

मापं घ्यायची तर पूर्ण उमललेलं आणि परागपुंज (परागकणांचे गोळे) जागेवर असलेलं फूल घ्या. निदान दहा झाडं, प्रत्येकी एक फूल, शक्यतो दांड्यावरचं सर्वांत खालचं. शुंडिका वाकडी असते, म्हणून तिच्या वळणावर दोरा ठेवून मग दोरा पट्टीवर मोजायचा. सरासरी एकटी देऊ नका, किमान आणि कमालही द्या.

खरा निवाडा स्तंभावर (पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून झालेला फुलाचा मधला भाग) होतो. भिंगाखाली (१०पट पुरतं, २०पट उत्तम) पाहा: परागकोशाच्या नळ्या किती लांब आहेत, कुक्षीच्या दोन भुजा सुट्या पुढे आलेल्या आहेत का, त्यांची लांबी नळ्यांच्या तुलनेत किती, परागपुंजांच्या देठांच्या टोकाच्या चिकट चकत्या एकमेकींपासून किती दूर. भुजा ओष्ठाच्या (ओठासारख्या वेगळ्या पाकळीच्या) बुडाशी चिकटलेल्या उशीसारख्या असतील आणि शुंडिका आखूड पिशवीसारखी असेल तर पेरिस्टायलस या जवळच्या प्रजातीकडे वळा. तुमच्या फुलात तसं काही दिसत नाही. मग बाजूची प्रदलं (आतल्या पाकळ्या) सुईने अलगद सोडवा. ती अखंड की मुळापासून दुभंगलेली, हे फोटोत हमखास फसतं, कारण वरचा भाग संदलाच्या (बाहेरच्या दलाच्या) टोपीत दडलेला असतो.

पानावरून चाळणी सोपी. हाबेनारियाच्याच डायफायला आणि क्रासिफोलिया या जातींत जमिनीलगत साधारण दोन पानं, रॅरिफ्लोरात बुडाशी अनेक लहान पानं आणि वस्ती बहुतेक कातळावर. पण ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसमध्येही क्वचित दुसरं पान येतं, तेव्हा एका पानावर फार भरवसा नको.

नावाचापाठी
हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) धुंडाळताना फक्त ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस शोधू नका. ते नाव ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी १९३२ मध्ये दिलं, कारण आधीचं हाबेनारिया ग्रँडिफ्लोरा हे नाव दुसऱ्या वनस्पतीला अगोदरच दिलेलं निघालं. जुन्या शीटवर (वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदावर) अजून ग्रँडिफ्लोराच लिहिलेलं सापडतं. मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग आणि आघारकर संस्था, हे तीन संग्रह आधी. पाचगणीच्या नावाची पंचगॅनिएन्सिससुद्धा तुलनेत घ्या. आणि तुलना मूळ वर्णनाशी व होलोटाइपशी (ज्याच्यावर जातीचं नाव बांधलेलं असतं त्या एका नमुन्याशी) करायची, कुणीतरी नाव लिहून ठेवलेल्या शीटशी नाही. चुकीच्या नावाच्या शीटशी ताडून 'नवी जात' काढणं फार सोपं असतं.

हे सगळं करूनही फरक टिकला तर नियम थोडक्यात असे. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन किंवा निदान (जात इतरांहून कशी वेगळी याचं थोडक्यात विधान) लॅटिन अथवा इंग्रजीत चालतं. एकच होलोटाइप सांगायचा, तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही लिहायचं, आणि 'होलोटाइप' किंवा 'टायपस' हा शब्द प्रत्यक्ष यायला हवा. तो राहिला की नाव वैध ठरत नाही. फोटो किंवा चित्र होलोटाइप म्हणून चालत नाही, नमुनाच लागतो. हाबेनारिया स्त्रीलिंगी, त्यामुळे विशेषणाचं लिंग जुळवा.

कंदमूळ
राखीव वनात असाल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. नमुना किती घ्यायचा यावर माझं मत थोडं वेगळं आहे. कंद वाचवायचा म्हणून पाच झाडांची पानं-दांडे कापून आणतात. पण झाडाला पानच एक. जुलैत ते गेलं की पुढच्या वर्षाचा नवा कंद भरतच नाही, म्हणजे पाचही झाडं धोक्यात. त्यापेक्षा दाट भागातलं एकच झाड कंदासकट घ्या, बाकीच्यांचं एकेक फूल बाटलीत.

फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये, त्यात थोडं ग्लिसरीन, म्हणजे ती ठिसूळ होत नाहीत. डीएनएसाठी पानाचा नखाएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये, वजनाच्या दहापट जेल. फॉर्मॅलिनमधला तुकडा या कामाचा राहत नाही. झाड दाबताना कंद उभा चिरून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरा. नाहीतर तो दाबयंत्रातही जिवंत राहतो आणि शीट काळी पडते. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. शीटचं माप ४२ × २८ सेंमी.

सडाफुला
फूल बाटलीत आणि झाड शीटवर, मग होलोटाइप कोणता?

नावाचापाठी
दोन्ही मिळून एक. फूल त्याच झाडाचं असलेलं बरं. दोन्हींवर एकच संग्रह क्रमांक, आणि हे एकाच नमुन्याचे भाग आहेत असं दोन्ही लेबलांवर स्पष्ट लिहा. इतर झाडांची फुलं वेगळ्या बाटलीत, वेगळ्या लेबलाने.

सडाफुला
आणि ४० झाडं म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीतली श्रेणी थेट 'अतिसंकटग्रस्त' लिहू?

कंदमूळ
५०पेक्षा कमी प्रौढ झाडं हा निकष आहे खरा, पण तो संपूर्ण जातीच्या संख्येला लागतो, एका सड्याला नाही. शिवाय जमिनीतल्या अमरी काही वर्षं वर येतच नाहीत, त्यामुळे एका हंगामाची मोजणी कमीच भरते. दोन-तीन पावसाळे मोजा, शेजारचे सडे पाहा. वस्तीक्षेत्र २ × २ किमीच्या चौकटींनी काढतात. एका चौकटीचे ४ चौरस किमी भरले म्हणून तेवढ्यावर श्रेणी मिळत नाही, सोबत घट किंवा विखुरलेपणासारख्या आणखी दोन अटी लागतात. आणि छापताना जागा तालुक्यापर्यंतच सांगा, नेमके अक्षांश-रेखांश हर्बेरियमच्या नोंदीत.