बर्सर्क, खंड ४३: मिउरांनंतरचं हे सगळं मोजायचं का?

शाईडाग
(४३ व्या खंडापर्यंतचं कथानक खाली उघडं आहे. वाचलं नसेल तर इथेच थांबा.)

४३ वा खंड जपानात ऑगस्ट २०२५ मध्ये आला. माझं म्हणणं सरळ आहे: 'बर्सर्क' ही जपानी मंगा (चित्रकथा-मालिका) ३६४ व्या भागात संपली. तिचे कर्ते केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये वारले, तो भाग सप्टेंबरात 'यंग अ‍ॅनिमल' या पाक्षिकात छापला गेला आणि ४१ वा खंड तिथेच थांबतो. जून २०२२ पासून जे येतंय ते त्यांच्या सहायकांच्या स्टुडिओ गागानं काढलेलं आणि त्यांचे मित्र कौजी मोरी यांच्या आठवणीवर चाललेलं आहे. वाचावं जरूर, पण पुढे काय होतं ते कळावं एवढ्यापुरतं.

चित्रांवर माझा राग नाही, गतीवर आहे. ३६४ व्या भागात जवळजवळ काही घडतच नाही. चांदण्यातला तो मुलगा रात्रभर नायक गट्स आणि त्याची प्रेयसी कास्का यांच्या जवळ असतो, पहाटे तो गट्सचा वैरी ग्रिफिथ होतो, डोळ्यांत पाणी घेऊन. बस. पुढच्या सहा भागांत गट्सचा एकही वार लागत नाही, ग्रिफिथचा राक्षसी साथीदार झॉड येतो, कास्काला पळवून नेतात, अख्खं एल्फ (पऱ्यांचं) बेट नाहीसं होतं. एवढ्या ऐवजात मिउरांनी किती पानं नुसती शांत ठेवली असती!

बेहेलितवाला
असहमत. मोरींनी सुरू करतानाच तीन गोष्टी कबूल केल्या होत्या: मिउरांनी सांगितलेले प्रसंगच लिहीन, त्यात भर घालणार नाही, आणि नीट आठवत नाही ते लिहिणार नाही. आता तुम्ही म्हणता पानं कोरडी आहेत. भर घातली असती तर तुम्हीच म्हणाला असता की हे मिउरांचं नाही. दोन्हीकडून मार कसा द्यायचा? दोन प्रसंगांच्या मधलं मांस म्हणजेच तर ती भर.

शिवाय तुम्ही ज्याला गती म्हणता ती आधी कशी होती तेही सांगा ना. ३७ वा खंड मार्च २०१३ मध्ये आला, ३८ वा जून २०१६ मध्ये. सव्वातीन वर्षं! आता ४१ डिसेंबर २०२१, ४२ सप्टेंबर २०२३, ४३ ऑगस्ट २०२५, म्हणजे दोन वर्षांच्या आतच.

खंडतेरा
लवकर आलं म्हणून खरं ठरत नाही, बेहेलितवाले. माझा आक्षेप वेगळाच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. मिउरांनी ८३ वा भाग नियतकालिकात छापून आल्यावरही १३ व्या खंडातून काढून टाकला. एक्लिप्सच्या (ग्रिफिथ साथीदारांचा बळी देतो त्या प्रसंगाच्या) ऐन मध्यावर देवाचं रूप दाखवणारा तो भाग ठेवला तर कथेच्या सीमा आधीच आखल्या जातील, म्हणून. जो माणूस छापलेलं मागे घेतो, त्यानं तीस वर्षांपूर्वी मित्राला तोंडी सांगितलेलं शेवटपर्यंत तसंच ठेवलं असतं याला आधार काय?

बेहेलितवाला
आधार मोरींचाच आहे. त्या वेळी कथा शेवटपर्यंत तयार होती आणि नंतर ती जवळपास ऐकल्याप्रमाणेच सरकत गेली, असं त्यांनी लिहिलंय. ८३ मध्ये मिउरांनी घटना बदलली नाही, किती उघड करायचं ते बदललं. हा फरक मोठा आहे.

खंडतेरा
किती उघड करायचं हेच तर 'बर्सर्क'! बाकी सांगाडा कोणालाही सांगता येतो.

रेघोट्या
चित्रांवर राग नाही म्हणालात शाईडाग, पण तिथेच तर बघायला हवं. ४० आणि ४२ शेजारी उघडा. चेहरे हातानं झाका आणि फक्त चिलखताची सावलीकडची बाजू बघा. मिउरांच्या रेघा आकाराबरोबर वळतात, काठाशी दाट होतात, मध्ये विरळ, आणि एकावर एक थर पडून काळोख तयार होतो. नव्या पानांत, विशेषतः ३६५ ते ३६७ मध्ये, बऱ्याच ठिकाणी रेघा एकाच कोनात आणि एकाच जाडीच्या आहेत. त्यामुळे धातू सपाट दिसतो, पत्रा कापून चिकटवल्यासारखा. चूक हाताची नाही, दाब न बदलण्याची आहे.

दुसरं म्हणजे डोळे. गट्सला एकच डोळा, डावा. मिउरा त्याचा राग वरच्या पापणीच्या जाडीतून आणि भुवईच्या सावलीतून दाखवत. आता तोंड उघडं ठेवून दात दाखवतात, दर दुसऱ्या चौकटीत.

पण पार्श्वभूमी? जहाज, दोरखंड, लाकडाच्या शिरा, कुशाणांची (कथेतल्या एका साम्राज्याची) वास्तू, यात मला तरी फरक सापडत नाही. सहायक मंडळी मिउरांच्या हयातीतही याच पानांवर राबत होती. शिवाय ४३ मधले चेहरे ४२ पेक्षा खूप सावरलेत.

शाईडाग
रेघांचं मान्य. तरी ४३ मध्येही तेच दुखतं. गट्स पार मोडून पडलाय, हात उचलायचीही इच्छा नाही, आणि हे आपल्याला कळतं कसं? बाकीचे त्याच्याभोवती उभे राहून सांगतात म्हणून! संवाद वाढलेत. शिएर्के या छोट्या चेटकिणीच्या एका नजरेवर भागलं असतं तिथे तिला संवादाचे तीन फुगे दिलेत.

नवा_वाचक
मी अजून ४१ पर्यंतच आहे (हो, तरीही सगळं वाचलं). ४२ घेऊ की नको?

बेहेलितवाला
घ्या. फक्त ३६५ ते ३७० एका बैठकीत वाचा. पुनरारंभाच्या घोषणेतच ते सहा भाग एल्फ बेटाचा शेवट म्हणून एकत्र ठरलेले होते. सुटे वाचले की प्रत्येक भाग अर्धवट वाटतो, आणि निम्मी नाराजी पाक्षिकात एकेक भाग वाचणाऱ्यांची आहे. ३७१ पासून नवं प्रकरण, तिथे दोन दिवस थांबलात तरी चालेल.

खंडतेरा
आणि मोठ्या डिलक्स आवृत्तीत संग्रह करत असाल तर १४ वं पुस्तक बघा. त्यात ४०, ४१ आणि मार्गदर्शिका आहे. एरवी एका पुस्तकात तीन खंड असतात, इथे तिसऱ्या खंडाच्या जागी मार्गदर्शिका घेतली, त्यामुळे मिउरांचं काम तिथे बरोब्बर संपतं. प्रकाशकानं माझ्या बाजूनं मत दिलंय असं मी समजतो.

बेहेलितवाला
तेव्हा ४२ वा खंड हातात नव्हता हो, म्हणून मार्गदर्शिका घातली असेल. त्याला मत कसलं म्हणता!