प्रतिसाद: पाचवा बास अ‍ॅम्प घ्यावा का?

घरात चार बास अ‍ॅम्प (बास गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर) असताना पाचवा, तोही जुना अ‍ॅम्पेग एसव्हीटी, घ्यावा का असं तुम्ही विचारलंय. वरचे सगळे प्रतिसाद 'घेऊन टाका'वाले, म्हणून मी जरा खोडा घालतो.

एसव्हीटी १९६९ मध्ये आला तो मोठ्या स्टेजसाठी. ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब), खाली दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट. दिवाणखान्यात त्याचा आवाज खुलणार नाही. खुललाच तर सोसायटीची नोटीस ठरलेली. 'आणखी दम हवा' हेही फसवंच. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल; कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. (मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बासवादक जेम्स जेमरसनचा बास तर बहुतेक वेळा अ‍ॅम्पशिवाय थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोललाच जायचा!)

शिवाय अ‍ॅम्प नुसते पडून राहिले तरी आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) खराब होतात. अमेरिकन मॉडेल असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागेल.

चारपैकी तालमीला कोणता नेता? जो नेत नाही तो आधी विका, मग एसव्हीटी बघायला जा. जाताना उचलायला कुणालातरी सोबत न्या, नुसतं हेडच (स्पीकर सोडून अ‍ॅम्पचा डबा) ३५ किलोच्या वर भरतं.