ग्वाल्हेरच्या मेल्यातल्या (जत्रेतल्या) जनावरांच्या जुन्या प्रदर्शनाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या लोकांना खास विचारतोय. आपला मेला 1905 ला थोरल्या माधवराव महाराज शिंद्यांनी सुरू केला तो मुळात गुराढोरांचा, तोही सागरताल भागात, आत्ताच्या रेसकोर्स रोडच्या ग्राउंडवर तो नंतर आला, इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण आजकाल मेला म्हटलं की लोकांना फक्त मेल्यात गाडी घेतली की मिळणारी आरटीओच्या टॅक्सची सूट नि झुले आठवतात, आणि गुगलवर शोधलं तरी गाड्यांच्याच बातम्या, वैताग नुसता!

मला हवंय ते शेतकऱ्यांच्या बाजूचं. आजूबाजूच्या गावांतून बैल, म्हशी घेऊन जे लोक यायचे ते उतरायचे कुठे, चारापाण्याची सोय दरबाराकडून असायची का, बक्षीस कशाला मिळायचं, दुधाला की बैलजोडीला, आणि ठरवायचं कोण? पशुमेला अजूनही भरतो म्हणा, पण जुनं काही लिहिलेलं हाती लागत नाहीये.

कुणाच्या घरी आजोबा-पणजोबा दरबारात नोकरीला असतील तर जुने फोटो, सर्टिफिकेट, मेडल, मोडीतले कागद काहीही चालेल, मोडी वाचून देणारे एक काका आहेत ओळखीत. संस्थानच्या ‘जयाजी प्रताप’ या वर्तमानपत्राचे जुने अंक कुणी पाहिलेत का, महाराज बाडा चौकातल्या सेंट्रल लायब्ररीत मिळतील की भोपाळलाच जावं लागेल? परमिशन कुणाकडून घ्यायची तेही सांगा प्लीज. कागद घेऊन जाणार नाही, तुमच्याच घरी बसून मोबाईलवर फोटो काढीन.