मदत हवी आहे: सी-६० तेल सासूबाईंना किती द्यायचं?

श्रावणी_एनजे
नमस्कार. नवऱ्याने सी-६० चं तेल मागवलंय, रोज सकाळी एक चमचा घेतो. तरतरी वाटते म्हणतो. सासूबाई परवा पुण्याला परत निघताहेत, त्यांनाही गुडघ्यांसाठी एक बाटली हवीय. त्यांना किती द्यायचं? चेक-इन बॅगेत चालेल ना? "घेऊच नका" वाले प्रतिसाद नकोत. घाई आहे.

अवधूत_के
सी-६० म्हणजे फुलरीनच ना, साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू? ऑलिव्ह तेलातलं की एमसीटीतलं (नारळासारख्या तेलातून काढलेलं पातळ तेल)? मात्रा काय लिहिलीय? सासूबाईंचं वय, चालू गोळ्या?

श्रावणी_एनजे
ऑलिव्हमधलं. लालसर जांभळा रंग. वय सत्तरीपुढे, तब्येत ठणठणीत. मात्रेचंच तर विचारतेय!

घाणेवाला
कशाला डॉलर घालवता? लाकडी घाण्याचं तिळाचं तेल कोमट करून रात्री गुडघ्यांना चोळा. आमच्या आईला तेवढ्यानेच उतार पडला.

रानवारा
मी घेतो, झोप सुधारली. २०१२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी उंदरांना दिलं तर ते जवळपास दुप्पट जगले. मी पावडर आणून घरीच करतो. चुंबकी स्टररवर दोन आठवडे अंधारात ढवळायचं, मग बारीक फिल्टरने गाळायचं. विकतचं घेऊ नका, त्यात किती सी-६० आहे देव जाणे.

अवधूत_के
रानवारा, त्या प्रयोगात एका गटात सहाच उंदीर होते, आणि पुढे एका छायाचित्राबद्दल दुरुस्तीही छापावी लागली. २०२१ चा जिरोसायन्स या वार्धक्यावरच्या नियतकालिकातला पेपर वाचा. शुद्ध सी-६० तेल देऊनही उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. घरातल्याइतका उजेड लागलेलं तेल दिल्यावर मात्र दोन आठवड्यांच्या आत उंदीर आजारी पडले, काही मेले. ऑनलाइन विकत घेतलेल्या नमुन्यांत रंग, शुद्धता, प्रमाण, कशाचाच मेळ नव्हता.
श्रावणी, बाटली कसल्या काचेची आहे आणि ठेवता कुठे?

रानवारा
म्हणूनच तर अंधारात करायचं म्हटलं! काळ्या बाटलीत ठेवलं की प्रश्न मिटला. माझी पावडर ९९.९५ टक्के शुद्ध आहे.

अवधूत_के
तो आकडा विकणाऱ्याने लिहिलेला. फुलरीन काढताना टोल्युइन हे विषारी द्रावक वापरतात. ते उरलंय का, हे तुम्ही कुठे तपासलंत?

मधुरा_डी
अवांतर: १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच रेणूसाठी, कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना. शोध १९८५ चा. १२ पंचकोन आणि २० षटकोन, हुबेहूब फुटबॉल. अकरावीला शिकवताना मी मुलांना कागदाचा करायला लावते, वर्गात जाम मजा येते.

प्राची७
तेल चेक-इनमध्येच टाका, हँडबॅगेत अडवतात. झाकणाला चिकटपट्टी, वरून दोन झिपलॉक. माझ्या लोणच्याच्या तेलाने अख्खी पैठणी गेली होती.

श्रावणी_एनजे
थँक्स प्राची. अवधूत, साधी पांढरी काच आहे. ओट्यामागच्या खिडकीत सगळी तेलं असतात तिथेच, हाताशी बरी पडते. सासूबाई गेल्या आठवड्यापासून अर्धा चमचा घेताहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांची, पण ती जुनीच आहे. त्याचा काही संबंध?

अवधूत_के
हे आधी सांगायला हवं होतं! आजच दोघांचंही तेल बंद करा. सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन करून गोळीचं नाव आणि बाटलीवरचं लेबल वाचून दाखवा. अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, काळी शौच यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर थांबू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. गुडघ्यांसाठी सी-६० उपयोगी पडतं असं दाखवणारं माझ्या वाचनात काही नाही, तेव्हा मात्रा सांगणार नाही.

रानवारा
गोळ्या चालू असतील तर मीही देऊ नका म्हणेन. बाकी लोक उगाच घाबरवतात.

श्रावणी_एनजे
डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. बाटली फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय. नवरा म्हणतो आता अंधारात आहे तर घ्यायला हरकत नाही.

अवधूत_के
हरकत आहे. लागायचा तो उजेड आधीच लागलाय. लेबलचा फोटो काढून ठेवा आणि तेल टाकून द्या.

घाणेवाला
तिळाचं तेल पुण्यात घरपोच मिळेल. सासूबाईंचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.