ओव्हल, मरीन ड्राइव्ह, काळा घोडा: आर्ट डेको इमारती आणि भिंतींवरची शिल्पं एका दिवसात कोणत्या क्रमाने दाखवावीत?

रेघोटी (प्रश्न)

स्थापत्य आणि उपयोजित कला या दोन्ही शाखांचे मिळून २५ विद्यार्थी जानेवारीत नाशिकहून मुंबईला आणायचे आहेत. आदल्या रात्रीचा मुक्काम शहरातच आहे, म्हणजे सकाळ ते संध्याकाळ पूर्ण दिवस हाताशी आहे. सगळं पायी. हातात वह्या-पेन्सिली आणि मोबाइल, ट्रायपॉड नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, चर्चगेटपासून सुरुवात केली तर पुढचा क्रम काय ठेवावा? दोन, नुसत्या इमारती नकोत, रस्त्यावरून दिसणारी शिल्पं आणि उठाव-चित्रंही हवीत. ती नेमकी कुठे थांबून बघायची? तीन, मरीन ड्राइव्हच्या बऱ्याच इमारतींची इतकी डागडुजी झालेली आहे की मूळचं काय आणि नंतरचं काय, हे मुलांना कळत नाही. ते रस्त्यावरून ओळखायच्या खुणा आहेत का?

ओव्हलकाठ

क्रम नकाशा बघून लावू नका, ऊन बघून लावा. ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको रांग (१९३०च्या दशकातली, भौमितिक रेषा आणि गोलाईची शैली), म्हणजे महर्षी कर्वे रस्त्याची, पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. समोरची गॉथिक रांग (जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय) पश्चिमेकडे बघते. मरीन ड्राइव्हची पहिली रांगही पश्चिमेकडेच. सकाळी नऊला गट राजाबाई टॉवरसमोर नेलात तर सूर्य टॉवरच्या मागे असतो आणि मुलांच्या वहीत नुसती काळी बाह्यरेषा उतरते. बहुतेक सहली नेमक्या इथेच फसतात.

म्हणून असं करा. पावणेआठला चर्चगेट स्थानकाबाहेर जमा. आधी स्थानकाच्या बाजूच्या फुटपाथवरून इरॉस (१९३८, वास्तुरचनाकार सोराबजी भेदवार). कोपऱ्यावरचा भूखंड, दोन बाजूंना पसरलेले दोन पंख आणि मधोमध टप्प्याटप्प्याने वर निमुळता होत जाणारा मनोरा. कोपऱ्याची जागा कशी वापरायची याचा यापेक्षा स्वच्छ धडा या भागात नाही. मग ओव्हलची रांग, पण इमारतींच्या बाजूने चालू नका. खालून छज्जांचे फक्त पोट दिसतात. मैदानाच्या बाजूचा फुटपाथ धरा, म्हणजे पाचही मजले एका नजरेत येतात. इथे दीड तास द्या, स्केचिंगही इथेच. ऊन समोरून असतं आणि रंग खरे दिसतात.

दहाच्या सुमारास मैदानातल्या आडव्या पायवाटेने पलीकडे. दोन्ही बाजूंना क्रिकेट चालू असतं, तेव्हा मधे थांबून व्याख्यान देऊ नका. फोर्ट आणि काळा घोडा दुपारी एकपर्यंत. जेवण. साडेतीनला पुन्हा ओव्हलवर, पण या वेळी तोंड पूर्वेकडे: आता गॉथिक रांग उजळलेली असते. पाचला वीर नरिमन रस्त्याने सरळ समुद्राकडे. नाक्यावरचा सूना महाल (१९३७, गजानन बाबूराव म्हात्रे) रस्ता ओलांडून समुद्राच्या कठड्यापाशी उभं राहून बघायचा, तरच गच्चीवरचा गोल मनोरा दिसतो. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, त्याआधीचा तास या रांगेचा.

तारखेबद्दल दोन सूचना. जानेवारीचा तिसरा रविवार टाळा, मॅरेथॉनमुळे सकाळी अर्धे रस्ते बंद असतात. आणि महिन्याच्या अखेरीला काळा घोडा महोत्सवाचे मांडव पडायला लागतात, तेव्हा त्या चौकातल्या इमारतींचे खालचे मजले दिसेनासे होतात.

ठशीव

वरचा क्रम चांगला आहे, एका दुरुस्तीसह. समोरून पडणारं ऊन रंगासाठी ठीक, उठावासाठी वाईट. आर्ट डेकोची नक्षी फार उथळ असते: उगवत्या सूर्याचे किरण, गोठलेल्या कारंज्यासारख्या रेषा, लाटा, पायऱ्या-पायऱ्यांचे आकार. हे सगळं गिलाव्यात किंवा साच्यात ओतलेल्या सिमेंटमध्ये इंच-दीड इंच पुढे आलेलं. सकाळी आठला त्याला सावलीच पडत नाही, भिंत सपाट वाटते. पूर्वाभिमुख भिंतीवर साडेअकरा ते बाराच्या दरम्यान ऊन भिंतीला घासून खाली येतं, तेव्हा इंचभर कडेचीही लांब सावली पडते आणि छज्जांच्या आडव्या रेषा एकदम ठसठशीत होतात. वेळ जमत असेल तर फोर्टातून परतताना बाराला पाच मिनिटं पुन्हा ही रांग दाखवा. तीच इमारत, दोन वेगळी स्केचेस. स्थापत्याच्या मुलांना छज्जा कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता शिल्पं.

महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत (१९३६, मास्टर, साठे अँड भुता) अजिबात चुकवू नका. दर्शनी भागाची उठाव-शिल्पं ना. ग. पानसरे यांची, प्रतापगडावरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे तेच. शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया असे विषय आहेत, पण घडण बघा: अंगं लांबवलेली, वस्त्रांच्या चुण्या जवळजवळ सरळ रेषांच्या, म्हणजे इमारतीच्या उभ्या पट्ट्यांशी माणसांचं प्रमाण जुळवून घेतलेलं. शिल्प नंतर आणून चिकटवलेलं नाही, रचनेतच धरलेलं आहे. दारात उभं राहिलात तर माना मोडतील आणि प्रमाण कळणार नाही. समोरच्या फुटपाथवरून बघा. रस्ता वर्दळीचा आहे, २५ जणांना एकदम उभं करायला जागा नाही. आठ-आठचे गट करा.

तिथून हुतात्मा चौक जवळच. फ्लोरा फाउंटन (१८६४) इंग्लंडच्या पोर्टलँड दगडातलं, शिल्पकार जेम्स फोर्सिथ. वर्षानुवर्षं त्यावर रंगाचे थर चढवले होते आणि त्यांत कोरीव कामाच्या कडा बुजल्या होत्या. ते थर काढून २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा खुलं झालं. शेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक: मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. शंभरेक वर्षांच्या अंतराने घडलेली दोन शिल्पं, एक रोमन देवतेचं आणि एक आंदोलनाचं, एकाच चौकात. उपयोजित कलेच्या मुलांना तुलनेचा विषय आयताच मिळतो. वेळ उरला तर सर फिरोजशाह मेहता रस्त्यावरची लक्ष्मी बिल्डिंग (१९३८), घड्याळाच्या मनोऱ्यावर लक्ष्मीची मूर्ती आहे.

काळा घोडा चौकातला आजचा घोडा २०१७ चा, बिनस्वाराचा. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा (तेव्हा तो युवराज होता), १८७९ मध्ये बसवलेला, आणि १९६५ पासून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात. हे आधीच सांगा, नाहीतर मुलं नव्या घोड्याखाली एडवर्डचं नाव लिहून मोकळी होतात.

राजाबाई टॉवरवर (२८० फूट, १८७८) पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जाती-जमातींच्या २४ मूर्ती आहेत. मोबाइलच्या झूममध्ये त्या फक्त ठिपके दिसतात. गटात दोन तरी ८ पटीच्या दुर्बिणी ठेवा. टॉवरवर चढू देत नाहीत आणि विद्यापीठाच्या आवारात शिरायला परवानगी लागते, त्यामुळे ओव्हलच्या कडेवरून बघायची तयारी ठेवा.

सळई

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण मरीन ड्राइव्हवर तीच खरी गोष्ट आहे.

गॉथिक रांग दगडाची, डेको रांग आरसीसीची, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. ते काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो, आणि ती जागा मिळवण्यासाठी बाहेरचं काँक्रीट फोडतो. छज्जा सगळ्यात आधी जातो: जाडी कमी, वरून पाणी, खालून खारा वारा आणि सळईवरचं कव्हर (म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर) जेमतेम. ओव्हलच्या रांगेला समुद्राकडच्या इमारतींचा थोडा आडोसा आहे, म्हणून तिथले छज्जे जास्त मूळ आकारात दिसतात. मुलांना दोन्ही रांगांची तुलना करायला सांगा.

रस्त्यावरून दिसणाऱ्या खुणा अशा.

छज्जाची कड. मूळ कड पातळ आणि धारदार असते. एका इमारतीत दुसऱ्या मजल्याची कड बारीक आणि तिसऱ्याची जाडजूड, कोपरे बोथट दिसले, तर जाड ती दुरुस्त केलेली. छज्जाच्या पोटात, कडेपासून दोनेक इंच आत, पाणी तोडायची खाच असते. दुरुस्ती करणारे ती बऱ्याचदा गिलाव्यात बुजवून टाकतात. मग पावसाचं पाणी कडेवरून टपकण्याऐवजी पोटाखालून भिंतीकडे वळतं आणि भिंत-छज्जाच्या सांध्यात काळे ओघळ येतात. असा ओघळ दिसला की वर खाच नाही असं समजायला हरकत नाही.

तांबूस डाग. सरळ रेषेत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतील तर आत सळया गंजताहेत. वेडेवाकडे असतील तर बहुधा वरच्या ग्रिलचा किंवा एसीच्या स्टँडचा गंज वाहून आलाय.

गोलाई. डेकोचा गोल कोपरा एका सफाईदार वळणात जातो. दुरुस्तीत खांबाला बाहेरून काँक्रीटचं आवरण घातलं की तळमजल्याचे खांब चौकोनी आणि वरच्या मजल्यांच्या मानाने बेढब जाड होतात.

खिडक्या. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या नंतरच्या, यात वादच नाही. बाल्कनी बंद करून काच लावली की आडव्या सावलीची पट्टी नाहीशी होते, आणि या इमारतींचं अर्धं सौंदर्य त्या पट्टीतच आहे. माझ्या मते रंग चुकण्यापेक्षा हे नुकसान मोठं.

मूळ वस्तू हमखास उरतात त्या आत: लॉबीतली टेराझोची (सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे घालून घोटलेली) जमीन, जिन्याचा कठडा, लिफ्टचं दार, फाटकाची नक्षी आणि दारावरच्या नावाची अक्षरं. अक्षरं आणि फाटक बाहेरूनच दिसतात. लॉबी खाजगी आहे, सोसायटीला आधी पत्र दिल्याशिवाय २५ जण आत नेऊ नका.

आणि एक नेहमीचा घोळ: सीएसएमटीची जागतिक वारशाची नोंद २००४ ची, स्वतंत्र. ओव्हल-मरीन ड्राइव्हची गॉथिक आणि आर्ट डेको मिळूनची नोंद २०१८ ची. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स सीएसएमटीचे वास्तुरचनाकार, तर रीगल सिनेमा (१९३३) त्यांचे चिरंजीव चार्ल्स स्टीव्हन्स यांचा. काळा घोड्याहून पाच मिनिटांवर आहे, बाप-लेकाच्या कामातला फरक दाखवायला उत्तम.

रेघोटी

तिघांचेही आभार. बाराची फेरी वेळापत्रकात घालते. सळई, दोन उपप्रश्न. दुरुस्ती केलेला भाग दोन-चार वर्षांत पुन्हा फुटलेला दिसतो, तो फक्त कामचुकारपणा असतो का? आणि काँक्रीट खराब झालंय हे दाखवणारी ती गुलाबी रंगाची चाचणी मुलांना तिथे करून दाखवता येईल का?

सळई

कामचुकारपणा असतोच. सळईच्या पुढचंच काँक्रीट काढतात, मागचं तसंच ठेवतात. खरं तर सळईच्या मागे २०-२५ मिमी मोकळं होईपर्यंत फोडायला हवं, सळई सगळ्या बाजूंनी लखलखीत घासायला हवी, जाडी फार घटली असेल तर शेजारी नवी सळई जोडायला हवी, मग गंजरोधक थर आणि पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने, आणि त्यानंतर पाणी मारणं. यातली एकही पायरी परांचीखालून दिसत नाही, म्हणून तीच गाळली जाते.

पण सगळं नीट करूनही ठिगळाच्या कडेला तडा येतो, त्याचं कारण वेगळं. नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित होते आणि शेजारच्या जुन्या, मीठ मुरलेल्या काँक्रीटमधली सळई तिच्या तुलनेत जास्त वेगाने गंजू लागते. दोन्ही भाग एकाच सळईने जोडलेले, त्यामुळे विजेच्या घटासारखी जोडी तयार होते. उपाय म्हणजे ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताचे अ‍ॅनोड बांधणं. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. खर्च वाढतो, म्हणून अंदाजपत्रकातून पहिल्यांदा तेच कापलं जातं.

चाचणी तिथे करू नका, कुणाच्याही इमारतीला ओरखडा काढायचा नाही. नाशिकलाच करा. पाडकामातून जुन्या काँक्रीटचे दोन-तीन ढेकळे आणा, हातोड्याने तिथल्या तिथे फोडा, धूळ ब्रशने झाडा (धुवू नका), आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर अल्कोहोलमधलं १ टक्का फिनॉल्फ्थॅलिन फवारा. गुलाबी झाला तो भाग अजून अल्कधर्मी, रंगहीन राहिला तिथपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड पोचला. रंगहीन थराची खोली पट्टीने मोजा आणि सळईच्या कव्हरशी ताडून बघा.

फक्त एक गोष्ट मुलांच्या वहीत ठळक लिहून घ्या: ही चाचणी मिठाबद्दल काहीच सांगत नाही. समुद्राकाठच्या छज्जाचा तुकडा आतून-बाहेरून गुलाबी येऊ शकतो आणि त्यातली सळई तरी गंजलेली असू शकते. मिठासाठी काँक्रीटची भुकटी वेगवेगळ्या खोलीवरून काढून प्रयोगशाळेत क्लोराइडचं प्रमाण मोजावं लागतं.

ठशीव

दुर्बिणींबरोबर प्रत्येकाला एक पांढरी पुठ्ठ्याची चौकट द्या, पोस्टकार्डाएवढी, मधे खिडकी कापलेली. हात लांब करून चौकटीतून बघितलं की उच्च न्यायालयासारखी ५६२ फूट लांब इमारतही तुकड्यांत मांडता येते. नाहीतर पहिल्या वीस मिनिटांत मुलं मनोरा काढतात आणि उरलेल्या इमारतीला कागद पुरत नाही.