मदत हवी आहे: बीएस्सी झूलॉजीनंतर मानवशास्त्र कुठे शिकता येईल?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, झूलॉजी घेऊन.

माझ्या मामेबहिणीला सिकलसेल आहे, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. रोवणीत दिवसभर चिखलपाण्यात राहिली की हातपाय असे दुखतात की रात्रभर कण्हते. तिच्यासोबत दवाखान्यात जाता जाता मी हा आजार शिकत गेले. आईवडील दोघंही वाहक असतील, म्हणजे आजाराच्या जनुकाची एकच प्रत असलेले पण स्वतः आजारी नसलेले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिलं. १९५४ साली संशोधक अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवलं होतं. इथवर पुस्तकात सापडतं.

घरात जे चालतं ते मात्र सापडत नाही. तपासणीनंतर मिळालेलं कार्ड मामीने पेटीत लुगड्यांखाली ठेवलंय. "कार्ड दिसलं तं पोरीले कोन करन?" म्हणते. आमच्यात आते-मामे भावंडांत सोयरीक होते. म्हणजे दोन्हीकडून तेच जनुक येण्याचा धोका जास्त, आणि नेमकं तिथेच "घरचेच तं आहेत" म्हणून कोणी रक्त तपासत नाही. मला रक्त आणि सोयरीक दोन्ही एकत्र शिकायचंय.

सर म्हणतात एमएस्सी झूलॉजी कर, नाहीतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्य. ऑक्सफर्डला 'ह्यूमन सायन्सेस' अशी पदवीच आहे, जनुकशास्त्र, लोकसंख्या, समाज सगळं एकत्र. वाचून रात्रभर झोप नाही आली. पण आमची दोन एकर धानाची शेती. बाबा बीएड कर म्हणतात, नोकरीची काळजी आहे त्यांना, ते चुकीचे नाहीत. असं शिक्षण आपल्याकडे कुठे मिळेल? झूलॉजीवाल्यांना जमतं का? कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, तू जे मागते आहेस ते मानवशास्त्रातच येतं. जैविक आणि सामाजिक-सांस्कृतिक, दोन्ही शाखा एकाच विभागात शिकवतात. पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात हा विभाग आहे, तुला जवळ पडेल असा रायपूरलाही आहे. झूलॉजी तर उलट कामाला येईल, जनुकशास्त्राचा पाया तुझा झालेलाच आहे. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी माणसांची शरीरमापंही घेतली आणि नातेसंबंधही अभ्यासले, म्हणजे ही वाट महाराष्ट्रात जुनीच आहे. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. एक दिवस काढून तिथे जा, बाबांनाही सोबत ने. या विषयावर सरकारी नोकऱ्या असतात हे त्यांना तिथल्या माणसांकडूनच ऐकू दे.

आणि बहिणीला हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू आहे का? नसेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की विचार.