मदत हवी आहे: स्की क्लबमध्ये ग्रूमिंगच्या (स्कीच्या वाटेवरचा, म्हणजे ट्रेलवरचा, बर्फ दाबून तयार करण्याच्या) पाळ्या कशा लावता?
नमस्कार मंडळी. मिनेसोटात किंवा इतर बर्फाळ भागात क्रॉस-कंट्री (सपाट-चढउताराच्या वाटांवरून स्वतःच्या जोरावर करायच्या) स्की क्लबचं काम बघणारं कोणी आहे का इथे? आमचा क्लब पूर्ण स्वयंसेवकांचा. काउंटी प्रायोजक असल्याने राज्याचं अनुदान मिळतं, त्यामुळे पैशांचं निभतं. अडतं ते माणसांपाशी.

बर्फ पडला की स्नोमोबाईलमागे (बर्फावर चालणाऱ्या गाडीमागे) रोलर ओढून तो दाबायचा, मग ट्रॅक सेटरने क्लासिक शैलीसाठी (दोन्ही स्की समांतर सरकवत जाण्यासाठी) जोडखाचा पाडायच्या आणि पुढचे काही तास ट्रेलवर कोणाला जाऊ द्यायचं नाही. संध्याकाळी पारा उतरताना हे केलं तर खाचा रात्रीतून घट्ट बसतात. पण नोकरदार मंडळी मोकळी होतात शनिवारी दुपारी! तेव्हा ऊन असेल तर बर्फ ओलसर असतो, आणि रात्री खाचांची नुसती काच होते. थर पातळ असताना सेटर लावला की माती-पाला वर येतो, ते निराळंच.

तर आठवड्याच्या ठरलेल्या पाळ्या बऱ्या, की एका ट्रेल-प्रमुखाने हवामानाचा अंदाज बघून आदल्या दिवशी माणूस बोलवावा? नवख्याला एकटं सोडण्याआधी किती फेऱ्या सोबत करवता? आणि रात्री यंत्र रुतलं तर, एकट्याने जाणाऱ्यासाठी काय नियम आहे तुमच्याकडे? पाळ्यांचा तक्ता असेल तर कृपया टाका.